फुकट पार्किंगचे पैसे कोण भरतं?

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. अडखळलेलं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पार्किंगवर बोलायचंय. विषय कंटाळवाणा वाटतोय ना? मलाही वाटायचा.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी किकवीहून पुण्यात आणलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवायला जागा नाही, म्हणून थोडं अलीकडे उतरलो. हातात वॉकर. फुटपाथ होता, चांगला रुंद होता, पण त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टू-व्हीलर. मग वॉकर रस्त्यावर. मागून बस, बाजूने रिक्षा, आणि मी दोन्ही हात पसरून ट्रॅफिक हवालदारासारखा उभा. अण्णा म्हणाले, "गाड्यांना बरी जागा हाय. माणसानं चालायचं कुठनं?"

मला राग आला होता, पण कुणावर काढणार? आम्हाला सोडून चुलतभावाने गाडी जिथे लावली तिथेही दोन चाकं फुटपाथवरच होती. आणि कॉलेजची चार वर्षं माझी स्वतःची बाईक अशीच कुठेतरी घुसवलेली असायची.

पुण्यात हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न झालेला आहे, कागदावर. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. कल्पना सरळ होती: शहराचे मागणीप्रमाणे भाग पाडायचे, जिथे जागेची मारामार जास्त तिथे तासाचा दर जास्त, जिथे कमी तिथे कमी. त्यावर प्रचंड गदारोळ झाला. आंदोलनं झाली, सभागृहात आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं की आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचा. त्या पाच रस्त्यांचा विषय पुढे वर्षानुवर्षे चर्चेतच राहिला. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. म्हणजे मतांची भीती नसलेला काळही येऊन गेला, तरी गाडं हललं नाही. शेजारी पिंपरी-चिंचवडने २०२१ मध्ये सुरुवात तरी केली, पण तेही फार दिवस टिकलं नाही.

आणि गंमत बघा, त्याच २०१८ मध्ये बातमी होती की पुण्यात नोंदलेली वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास. (नोंदलेली म्हणजे सगळी रस्त्यावर धावणारी नव्हेत, भंगारात गेलेलीही त्यात असतात. पण चित्र कळतं.)

मी तेव्हा विरोधात होतो. आमच्या ग्रुपवर चक्क लिहिलं होतं, "आता श्वास घ्यायलाही पैसे मागतील." आज मत बदललंय, आणि ते कसं बदललं ते सांगतो, कारण ते एकदम नाही बदललं.

पहिलं म्हणजे एक साधा हिशोब. बांधकामाच्या नियमात एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे १३५ चौरस फूट. लक्ष्मी रस्त्यावर एवढ्या जागेत अख्खं दुकान चालतं. त्या दुकानदाराला महिन्याचं भाडं विचारा. आणि त्याच दुकानाच्या दाराबाहेर तेवढीच जागा एक गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुकट अडवून बसते. कधीकधी ती गाडी त्या दुकानदाराचीच असते, हा भाग वेगळा! पण जागा कुणाची? जो गाडीने आला त्याची, जो पीएमपीने आला त्याची, आणि जो चालत आला त्याचीही. वापरतो एकटा. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातसुद्धा लिहिलंय की पार्किंगच्या शुल्कात जमिनीची किंमत दिसली पाहिजे. लिहिलंय, एवढंच.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एखादी सर्व्हिस तुम्ही फुकट आणि कुठलीही मर्यादा न घालता खुली ठेवली, तर चार जण ती पूर्ण दाबून टाकतात आणि बाकीच्यांना एरर येतो. सर्व्हर कितीही वाढवा, भरतोच. पुण्यात आपण काय करतो? सर्व्हर वाढवतो. मंडईत आर्यन आहे, मिनर्व्हा आहे, बहुमजली वाहनतळ बांधलेत. पण बाहेर रस्त्यावर फुकट असताना आत जाऊन पैसे कोण देईल? माणूस पंधरा मिनिटं तुळशीबागेभोवती गोल फिरेल, पेट्रोल जाळेल, पण आत जाणार नाही. आपला पी-वन पी-टूचा सम-विषम तारखांचा खेळही तसाच, त्यात फक्त गाड्यांची बाजू बदलते.

डोनाल्ड शूप नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, २०२५ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दर एवढाच ठेवा की रस्त्यावरच्या दर सात-आठ जागांमागे एखादी कायम रिकामी राहील. दर वाढवणं हा हेतू नाही, जागा मिळणं हा हेतू. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून तसं करून पाहिलं, मागणी बघून दर बदलले, आणि बऱ्याच गल्ल्यांमध्ये दर उलट कमी झाले.

पण मला पटलं ते पॅसाडेनाचं उदाहरण. तिथल्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये मीटर बसवायचं ठरलं तेव्हा व्यापारी अगदी आपल्यासारखेच भडकले होते, गिऱ्हाईक पळेल म्हणून. तोड अशी निघाली की मीटरचे पैसे त्याच बाजारपेठेवर खर्च होतील. फुटपाथ, दिवे, झाडं, सफाई. मग तेच व्यापारी तयार झाले. माझ्या मते पुण्याचं धोरण इथे हरलं. लोकांना दर ऐकू गेला, बदल्यात काय मिळणार ते ऐकू गेलं नाही. "महापालिकेच्या तिजोरीत जमा" म्हटलं की आपण सगळे ओळखून असतो. तुमच्या गल्लीत गोळा झालेले पैसे तुमच्याच गल्लीच्या फुटपाथवर, आणि दर महिन्याला हिशोबाचा बोर्ड चौकात, असं कुणी सांगितलं असतं तर? मी तरी निदान तो मेसेज टाकला नसता.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्याकडचे लोक. किकवी, कापूरहोळ, नसरापूर, इकडून रोज कितीतरी पोरं बाईकवर पुण्यात कामाला जातात. चाळीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. हौस म्हणून नाही, सहाच्या शिफ्टला वेळेत पोचवणारी गाडी नाही म्हणून. समजा तासाला ४ रुपये लावले, नऊ तासांचे ३६, महिन्याचे २६ दिवस, झाले ९३६. पंधरा हजार पगारातून साडेनऊशे जाणं म्हणजे काय, हे कोथरूडमध्ये बसून कळत नाही. माझ्या मावसभावाने मला तोंडावर सांगितलं, "तुला घरून काम हाय, तुझं काय जातंय?" बरोबर आहे त्याचं. माझं काहीच जात नाही.

म्हणून मला वाटतं, चारचाकी आणि बाईक एका तागडीत नकोत. नियमातल्या मापाने एका कारच्या जागेत सहा बाईक बसतात, तर दर सहावा भाग. आणि दिवसभर उभी राहणारी गाडी मध्यवस्तीत येण्याआधीच थांबवायची सोय आधी हवी, शुल्क नंतर. मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आली. स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्गाला केंद्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. कात्रजच्या स्टेशनचं काम होताना तिथे आमच्या बाजूच्या हजारो बाईकसाठी स्वस्त, छप्पर असलेला वाहनतळ झाला, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. स्टेशन बांधून झाल्यावर जागा शोधायला गेलं तर ती मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल, शहराचं दुखणं गावाला कशाला? तर रविवारी नसरापुरात बनेश्वरच्या रस्त्याला जाऊन बघा. आणि आमच्या हायवेच्या कडेला नवीन गाळे बघा. पुढे एक फूट जागा न सोडता बांधतात, गिऱ्हाईकाची गाडी सर्व्हिस रोडवर. शाळेची पोरं मग हायवेच्या कडेने चालतात. आत्ता बांधणाऱ्याला दोन हात मागे सरकवणं ग्रामपंचायतीला जमू शकतं. दहा वर्षांनी पाडापाडी करावी लागेल, आणि ती कुणीच करणार नाही.

एका गोष्टीची आठवण करून देतो. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला होता, पादचारी दिन म्हणून. तेव्हापासून दरवर्षी करतात. पुढच्या वेळी अण्णांना घेऊन जायचा विचार आहे, वॉकर सुटला असला तरी.

जाता जाता एक काम देतो. पुणे-सातारा रोडने रोज बाईकवर येणाऱ्यांनी मला लिहून कळवा: कात्रजला दिवसभरासाठी किती रुपये दिले तर परवडेल, आणि तिथून पुढे किती मिनिटांनी बस किंवा मेट्रो मिळाली तर तुम्ही खरंच बाईक तिथे ठेवाल? मावसभाऊ म्हणाला दहा रुपये आणि पाच मिनिटं. मी वीस म्हटलं, तर हसला. आकडे जमले की पुढच्या भागात मांडतो.