ताईंची वही

(दिवा येथे एका ज्येष्ठ सहकारी कार्यकर्तीच्या स्मरणार्थ झालेल्या सभेतील भाषण. घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव छापलेले नाही.)



ताई म्हटलं की मला त्यांची ती लांबट, जाड पुठ्ठ्याची वही आठवते. आलेल्या प्रत्येक बाईची तारीख, तिची हकिगत तिच्याच शब्दांत, कुणाला फोन केला, काय उत्तर मिळालं, आणि शेवटचा रकाना 'पुढे काय?'

एम. एस. डब्ल्यू. होऊन मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा मला ही निव्वळ कारकुनी वाटायची. मला मोर्चे हवे होते. मग एका बाईचा पोटगीचा अर्ज कोर्टात गेला. नवरा म्हणाला, मी कधी हातच उचलला नाही. ताईंच्या वहीत दोन वर्षांत ती पाच वेळा आल्याच्या नोंदी होत्या. वकीलबाईंनी त्याच तारखा कोर्टापुढे ठेवल्या आणि अंतरिम पोटगी मंजूर झाली. त्या दिवसापासून मीही वही घातली.

आपल्या कामाला लोक 'सेवा' म्हणतात. मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून चळवळीत आल्या, १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' झाल्या, १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत पोचल्या. टँकरमागे धावलेल्या दिव्यातल्या बायकांना त्यांचं मोल सांगायला नको. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पहाटेच्या गर्दीत लोकलच्या दाराला लटकणाऱ्या मुलीला आपण 'तूही सगळं सोडून ये' असं सांगायचं का? ताई म्हणायच्या, नाही. हे काम आहे, त्याला पद हवं आणि पगारही हवा.

हे अशक्य नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकलेली समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसू लागली. पुढे राज्य सरकारने ते काम स्वीकारलं, जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष निघाले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात तर संरक्षण अधिकारी हे पदच लिहिलेलं आहे. बायकांच्या चळवळीने रेटा लावला म्हणून हे झालं.

आता माझी गोष्ट. एके वर्षी आम्हाला चार महिने मानधन मिळालं नाही. घरभाडं थकलं. मी एका कंपनीत अर्ज केला आणि शरमत ताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जायचं तर जा गं. पण आधी मागणीपत्र लिहू." त्यांनी वही उघडली. थकलेला एकेक महिना आणि त्या महिन्यात आम्ही पाहिलेल्या बायकांची संख्या तिथे लिहिलेली होती. पत्रावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. पैसे आले, दोन हप्त्यांत. मी राहिले.

पण ज्या ताईंनी आम्हाला हे शिकवलं, त्यांना स्वतःला ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना पेन्शन. शेवटच्या आजारपणात आम्ही वर्गणी काढली. आज त्यांना हार घालताना हे झाकून ठेवलं, तर आपण त्यांच्याशी खोटं वागू.

समोर बसलेल्या मुलींनो, कुणी स्पर्धा परीक्षा देताय, कुणी समाजकार्य शिकताय. या क्षेत्रात जरूर या. येताना नेमणुकीचं पत्र मागा, पगाराची तारीख विचारा, रजेचे नियम विचारा. मागताना लाजू नका. आणि आपल्या संघटनांनीही, आमच्यासकट, स्वतःच्या कार्यकर्तींचा हिशोब आधी चोख करावा.

ताईंच्या वहीच्या शेवटच्या पानांवर सात बायकांपुढचा 'पुढे काय?' हा रकाना रिकामा आहे. त्यांची नावं मी इथे सांगणार नाही. चौघींची जबाबदारी आम्ही कार्यकर्तींनी वाटून घेतली आहे. उरलेल्या तिघींचं काम कोण घेणार, ते सभा संपल्यावर बसून ठरवू. घाईने घरी जाऊ नका.