चित्रांच्या छोट्या दालनांत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, पापडांच्या कृतीवर बोलते. त्या म्हणाल्या, "नको, शनिवारी दुपारी तुम्ही कुठे जाता तेच सांगा." तर सांगते. मी चित्रे पाहायला जाते.

कारण घरचेच आहे. धाकटीला बारावीनंतर जे. जे. मध्ये चित्रकला शिकायची आहे. संस्था १८५७ सालची, नाव मोठे. पण तिचे वडील विचारतात, "त्यावर पोट भरेल का?" मी सातवी शिकलेली, काय उत्तर देणार? म्हटले, पोरगी ज्या जगात जाऊ म्हणते ते निदान पाहून तरी यावे.

जहांगीर कलादालन पुष्कळजणींनी पाहिले असेल. ते १९५२ सालचे. रस्त्यावरून सरळ आत शिरता येते. पंचाईत होते ती छोट्या दालनांत. केमोल्ड हे त्यांतले जुने. १९६३ मध्ये ते जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाले आणि २००७ मध्ये फोर्टातच प्रेस्कॉट रोडवर गेले. आणखी काही कुलाब्याच्या जुन्या इमारतींत आहेत. जिना चढायचा, घंटी वाजवायची. पहिल्या दिवशी माझा हात घंटीपर्यंत जाईना. पण तिकीट नाही, आणि काही विकत घ्या असे कोणी म्हणत नाही. भिंतीवर किंमत लिहिलेली नसते. शेजारी तांबडी टिकली असली तर चित्र विकले गेले असे समजावे.

अशाच एका दालनात जुनी पांढरी धोतरे ओळीने टांगली होती आणि त्यांवर गंजाचे डाग. आता गंजाचा डाग म्हणजे आपला जन्माचा वैरी! लिंबू-मीठ लावून उन्हात टाका, तरी पुरता जात नाही. टेबलाशी बसलेल्या मुलीला मी विचारले, "बाई, याचा अर्थ काय?" तर ती म्हणते, "तुम्हांला काय वाटतं?" मला रागच आला. भाजीवाल्याला भाव विचारावा आणि त्याने "तुम्हीच सांगा" म्हणावे, तसे झाले. पण मग तिने चांगले समजावून सांगितले. ओल्या कापडात लोखंडी खिळे गुंडाळून दिवसचे दिवस ठेवतात, वर व्हिनेगर शिंपडतात. डाग मुद्दाम पाडलेला असतो. मी पुन्हा फिरून पाहिले. एका धोतरावर डाग अगदी घडीघडीने उमटला होता, कोणी वर्षानुवर्षे ट्रंकेत जपून ठेवल्यासारखा. मला माझ्या सासऱ्यांची ट्रंक आठवली. तिथे मी बराच वेळ उभी होते.

सगळेच असे नसते हं. एका ठिकाणी रिकाम्या खोलीत एक दिवा लागत होता आणि विझत होता, एवढेच. मी दहा मिनिटे उभी राहिले. पाय दुखले.

आता पोटाचे. वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींच्या वर गेले. हे मी घरी सांगितले तेव्हा यांचे डोळे विस्फारले. पण गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. तेव्हा त्या कोटींकडे बघून मुलीला पाठवण्यात अर्थ नाही. मला पटले ते प्रभाकर बरव्यांचे उदाहरण. ते विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत, हातमागाच्या कापडासाठी नक्षी काढीत आणि आपली चित्रेही रंगवीत. घड्याळ, झाडाचे पान, अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात. २०१९ मध्ये नॅशनल गॅलरीत त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. पगारही होता आणि चित्रेही होती. हे मी यांच्यापुढे मांडले. ते "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नकार नव्हे.

येत्या शनिवारी त्यांनाही नेणार आहे. कुणाला यायचे असेल तर दोन वाजता करी रोड स्टेशनवर तिकीटखिडकीपाशी भेटा. रविवारचे विचारू नका, बहुतेक दालने त्या दिवशी बंद असतात.