विद्यापीठ शाळेच्या दारी



शिक्षणासाठी दान देण्याची समाजाची परंपरा मोठी आहे. वर्गखोली उभी राहते, तिच्या भिंतीवर दात्याच्या नावाची शिला बसते. त्या खोलीत शिकवणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणावर मात्र शिला बसवता येत नाही. कदाचित म्हणूनच तिकडे लक्ष कमी जाते. हे काम विद्यापीठाने आणि सरकारी शाळेने मिळून कसे करावे, याचे एक ठळक उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात घडले. हा जिल्हा आज नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १६ सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल तर टाटा संस्थेतील संशोधनकार्य सोडूनच खेड्यात आले होते.

उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ग भरत. तेथे प्राध्यापक फळ्यापाशी उभे राहून व्याख्यान देत नसत. जे प्रयोग पुढे मुलांनी करायचे, तेच आधी शिक्षकांनी गटागटाने बसून करायचे, आणि प्राध्यापकांनी त्यांच्या पंक्तीला बसायचे, अशी रीत होती. पाने-फुले गोळा करून त्यांचे गट पाडायचे, नाणे पुनःपुन्हा उडवून छापा-काट्याची नोंद ठेवायची. नोंद अपेक्षेप्रमाणे आली नाही तर ती खोडायची नाही. ती तशी का आली, याची चर्चा करायची. ज्या शिक्षकाने आयुष्यभर पुस्तकातील उत्तर प्रमाण मानले, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

वर्ग संपला म्हणजे संबंधही संपला, असे होत नसे. शाळांना भेटी दिल्या जात, शिक्षकांच्या मासिक बैठका होत आणि वर्गात न जमलेला प्रयोग तेथे मांडला जाई. या अनुभवांच्या आधारे ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके सुधारली गेली. या उपक्रमाचे खरे मोल येथे आहे. खेड्यातील शिक्षकाच्या तक्रारीवरून विद्वानाने आपला मजकूर बदलणे, हे आपल्याकडे विरळाच. परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतराची परीक्षा घ्यायचीच नव्हती. पुढे अनुभवी शिक्षक स्वतःच इतर शिक्षकांचे प्रशिक्षक झाले.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच सुमारास पुण्याच्या टेल्कोतील अभियंते श्री. अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन तेथे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीच्या आकृत्या साकार करू लागले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढील धुरा वाहिली आणि कार्यक्रम अन्य जिल्ह्यांतही पोहोचला.

मात्र २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. मुले पुढील परीक्षांत मागे पडतील, अशी शंका घेतली गेली होती. पालकांची चिंता समजण्यासारखी आहे. पण तीस वर्षांत तयार झालेले शिक्षकांचे जाळे एका निर्णयाने मोडावे, हे क्लेशदायक होय. बाहेरच्यांच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम शासनव्यवस्थेत पुरते रुजले नाही, तर त्याची अशीच गत होते.

२०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांचा शाळेतील अनुभव आवश्यक ठरवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक-शिक्षण विद्यापीठांकडे सोपवण्याचे ठरवले आहे. परंतु छात्राध्यापक पाठाचे टाचण काढून आला, पाठ घेऊन गेला आणि शाळेच्या पदरी काही पडले नाही, तर वीस आठवडे असोत की चाळीस, ती केवळ हजेरी होय. त्याच्यासोबत त्याचे प्राध्यापकही शाळेत किती वेळा येतात आणि तेथील शिक्षकांचे किती ऐकून घेतात, हे संस्थाचालकांनी विचारावयास हवे.

होशंगाबादचा विचार महाराष्ट्रातही पोहोचला. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघाले. त्याचे जुने अंक ज्या शाळांच्या कपाटांत असतील, त्यांनी ते बाहेर काढून शिक्षकांच्या हाती द्यावेत.