पाण्याखालील हॉकी : काठीची पारख



हॉकीची काठी म्हटली की कमरेपर्यंत पोहोचणारी, टोकाशी वळलेली काठी डोळ्यांपुढे येते. पाण्याखालील हॉकीची काठी मात्र इतकी लहान असते की ती कालवणाच्या डावाच्या जोडीस शोभावी. हा खेळ १९५४ साली इंग्लंडमधील साउथसी येथे ॲलन ब्लेक यांनी सुरू केला. हिवाळ्यात समुद्र थंड झाला तरी पाणबुड्या मंडळाच्या सभासदांचा सराव सुटू नये, हा त्यामागील हेतू. आज प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी पाण्यात असतात. श्वास रोखून ते तळाशी जातात आणि सुमारे १.३ किलो वजनाची शिसे भरलेली चकती ढकलीत नेतात.

काठी एकाच हाताने धरावयाची असते. ३५० मिलिमीटर लांब, १०० रुंद व ५० जाड अशा पेटीत मुठीसह ती मावली पाहिजे, असा नियम आहे. एका संघाची काठी काळी, दुसऱ्याची पांढरी. रंग हा हौसेचा भाग नव्हे, गढूळ गर्दीत आपला-परका ओळखण्याची ती खूण आहे.

निवड करताना आधी खेळाडूची जागा पाहावी. आघाडीच्या खेळाडूस चकती झटपट वळवावी लागते, त्याला आखूड काठी सोयीची. पिछाडीच्या खेळाडूस लांबून चकती अडवावयाची असते, म्हणून तो सहसा लांब काठी पसंत करतो. फार पातळ पात्याने जड चकती उचलून फेकणे कठीण जाते. कडा बोटाने चाचपून पाहाव्यात; त्या गोलसर नसल्यास ती काठी कितीही देखणी असो, बाजूस ठेवावी. शेजाऱ्याची बोटे तिच्यापासून चार अंगुळांवरच असतात.

मूठ हा सर्वांत महत्त्वाचा भाग. ती जाड असेल तर मुलाची बोटे लवकर थकतात, बारीक असेल तर चकतीच्या धक्क्याने काठी हातात फिरते. साच्यातील पुष्कळ काठ्या उजव्या वा डाव्या हातासाठी निराळ्या घडविलेल्या असतात. डावखुऱ्या मुलास उजवी काठी देऊन ‘सवय होईल’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय. कोणता हात आपणहून पुढे येतो हे पाहूनच काठी द्यावी. शिवाय खेळताना बोटांच्या पेरांना तळाची फरशी खरचटू नये म्हणून जाड हातमोजा घालतात. तेव्हा काठीची मूठ मोकळ्या हाताने नव्हे, मोजा घालूनच पारखून घ्यावी.