इष्टवियोग आणि गौतमस्वामींचे अश्रू
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

अनित्य भावना प्रत्येक जैन घरात बालपणापासून कानी पडते. तरीही घरातील माणूस गेले की ती सारी शिकवण क्षणभर विसरली जाते. सांत्वनास आलेली मंडळी म्हणतात, "धर्मी माणसाने रडू नये." तत्त्वार्थसूत्राने इष्टवियोगाच्या चिंतनाची गणना आर्तध्यानाच्या चार प्रकारांत केली आहे, हे खरेच. परंतु शास्त्राने रोगाचे निदान सांगितले, ते रोग्याला दोष देण्यासाठी नव्हे. शोकातून बाहेर येण्याची वाट जिनशासनाने तीन प्रसंगांतून दाखविली आहे.

पहिला प्रसंग श्वेतांबर परंपरेतील आहे. माता त्रिशला आणि पिता सिद्धार्थ यांचा देहान्त झाला, तेव्हा वर्धमान २८ वर्षांचे होते. आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा त्यांचा अभिग्रह पूर्ण झाला होता. मात्र थोरले बंधू नंदिवर्धन यांनी विनविले, की ही जखम अजून ओली आहे, त्यात भावाचा वियोग सोसवणार नाही. वैराग्यमूर्ती वर्धमान त्यासाठी दोन वर्षे घरी राहिले. त्यांनी बंधूला उपदेश केला नाही, सोबत दिली.

दुसरा प्रसंग पावापुरीचा. आश्विन अमावास्येच्या रात्री, परंपरेनुसार इ. स. पूर्व ५२७ मध्ये, प्रभूंचे निर्वाण झाले. गणधर गौतमस्वामी प्रभूंच्याच आज्ञेने देवशर्मा ब्राह्मणास प्रतिबोध करण्यासाठी जवळच्या गावी गेले होते. परतताना वार्ता कळली आणि ३० वर्षे सावलीसारखा राहिलेला हा ८० वर्षांचा महाज्ञानी बालकासारखा विलाप करू लागला. अंतसमयीच प्रभूंनी दूर का पाठविले, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना त्यांनी दीक्षा दिली ते शिष्य केवली झाले होते, पण गुरु मात्र प्रभूंवरील रागामुळे अडले होते. विलाप करता करताच त्यांना उमगले, की प्रभू तर वीतराग होते. हे बंधन एकाच बाजूचे होते. ते तुटले आणि गौतमस्वामींना केवलज्ञान झाले. निर्वाणाच्याच दिवशी गौतमस्वामी केवली झाले, असे दिगंबर परंपराही मानते. पुढे १२ वर्षे त्यांनी जगाला मार्ग दाखविला.

येथे अश्रू दाबले गेले नाहीत आणि अश्रूंतच मुक्कामही झाला नाही. "ते का गेले?" या प्रश्नाचे रूपांतर "माझे काय अडकले आहे?" या प्रश्नात झाले. शोक पचविणे म्हणतात ते हेच. दिवाळीच्या वहीपूजनात व्यापारी गौतमस्वामींची लब्धी मागतो. त्या लब्धीच्या आधीचे अश्रू मात्र त्याच्या स्मरणात नसतात.

तिसरा प्रसंग पुन्हा नंदिवर्धनांचा. प्रभूंच्या निर्वाणाने ते व्याकूळ झाले, अन्नपाणी सुटले. तेव्हा भगिनी सुदर्शनेने कार्तिक शुद्ध द्वितीयेस त्यांना आपल्या घरी नेले, समजाविले आणि जेवू घातले. जैन परंपरा भाऊबीजेचे मूळ या भोजनात मानते. ज्या दु:खात तत्त्वज्ञान पोहोचू शकले नाही, तेथे बहिणीने वाढलेले ताट पोहोचले.

समाजाचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. पहिल्या काही दिवसांत शोकाकुल घरी पाय ठेवायला जागा नसते. महिन्याभराने तेथे कोणी फिरकत नाही. खरा एकांत तेव्हा सुरू होतो. एकटा उरलेला वृद्ध उपाश्रयात येईनासा होतो, विधवा भगिनी सणाच्या दिवशी दार लावून बसते. अशा घरी "रडू नका" हे वाक्य नेण्याऐवजी सुदर्शनेचे ताट न्यावे, वर्धमानांप्रमाणे थांबावे, गेलेल्या व्यक्तीविषयी ऐकून घ्यावे. प्रतिक्रमणाला जाताना त्या वृद्धाला हात धरून सोबत न्यावे. मोह कोणी दुसरा तोडू शकत नाही. तो ज्याचा त्यालाच तोडावा लागतो. मात्र तोवर त्याला एकटे पडू न देणे, हे साधर्मिक वात्सल्य आहे.

संस्थेच्या पन्नाशीच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक कुटुंबाने असे एक दार आठवावे आणि येत्या भाऊबीजेची वाट न पाहता ते ठोठवावे, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!