दोन कार्डं आणि घाटाचा चढ



खर्डी आणि कसारा यांच्या मधलं उंबरमाळी स्टेशन. इथल्या माणसाला बँकर इंजिन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात आणि ३७ फुटांमागे १ फूट असा थळघाटाचा चढ चढून गाडी इगतपुरीला पोचते. सपाटीवर त्या इंजिनांवाचून काही अडत नाही. खेळासाठी संगणकात दोन ग्राफिक्स कार्डं बसवणाऱ्या मुलामुलींनी पॉवर सप्लाय निवडताना हा घाट डोळ्यांपुढे ठेवावा.

खेळात धुमश्चक्री सुरू झाली की दोन्ही कार्डं एकदम वीज ओढतात. तो आपला चढ. २०१६ सालचं जीटीएक्स १०८० कार्ड घ्या. एकाला १८० वॅट लागतात, दोघांना ३६०. प्रोसेसरचे सव्वाशे धरा, बोर्ड, डिस्क, पंखे यांचे पाऊणशे. झाले ५६०. क्षणभराच्या उसळ्या त्याहूनही वर जातात. म्हणून साडेसातशेच्या खाली उतरू नका. साडेआठशेचा परवडला तर तोच घ्या.

आता सप्लाय घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल, तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सप्लायच्या अंगावर लेबल असतं. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ६२ असतील तर ७४४ वॅट, माल खरा. ३६ असतील तर हातात पडतात फक्त ४३२, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. कार्डं आणि प्रोसेसर, दोघांचीही भूक १२ व्होल्टवरच भागते. शिवाय प्रत्येक कार्डाला सप्लायमधूनच निघालेली स्वतंत्र केबल हवी. एकाच केबलला फाटे फोडून दोन्ही कार्डं चालवलेली मी पाहिली आहेत. त्यातला एक वितळलेला जोड मी स्वतः सोडवला आहे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. एनव्हिडियाने २०२१ पासून दोन कार्डांच्या जोडीसाठी नव्या खेळांची तजवीज करणं थांबवलं. बहुतेक नव्या खेळांत दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. ब्लेंडर सॉफ्टवेअरवर चित्रपटाची दृश्यं रेंडर करणार असाल तर जोडी उपयोगी, कारण तिथे काम वाटून घेता येतं. नुसतं खेळायचं असेल तर एकच दमदार कार्ड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या सप्लायवर घाला.

आणि यूपीएसवर. सप्लाय ९० टक्के कार्यक्षम असला तरी ५६० वॅट द्यायला भिंतीतून सव्वासहाशेच्या आसपास ओढतो. १००० व्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटच पेलतात, म्हणजे ऐन वादळात वीज गेली की तेही बसणार. १५०० व्हीएचा बघा, शुद्ध साइन वेव्हचा. पंखे-दिव्यांसाठी घेतलेला स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर या सप्लायला मानवत नाही.

अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे हातभर खणलं की काळा कातळ लागतो, आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. तानसा-भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात, हे मला ठाऊक आहे. भांडी विसळलेलं पाणी ओता, तेही चालतं.