दहावीनंतरची दरी

पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली. प्रश्न अकराव्या वर्षाचा आहे. ‘त्वरण’, ‘घनता’, ‘वर्गसमीकरण’ मराठीतून शिकलेली शेतमजुराची मुलगी विज्ञान शाखेत येते आणि तेच विषय एकाएकी इंग्रजीत सुरू होतात. तिला गणित येत नाही असे नाही. काय विचारले आहे हेच उमगत नाही. सधनांची मुले शिकवणीवर्गाची फी भरून ही दरी ओलांडतात. (त्यालाच पुढे गुणवत्ता म्हणतात!) जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, हे चांगलेच, पण त्याआधीची दोन वर्षे ती कोणत्या भाषेत शिकली? निदान अकरावीचे पहिले सत्र दोन्ही भाषांतून शिकवावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी शासनापुढे रेटली पाहिजे.